तीन हजार एकशे बारा बनावट माणसं

कर्तोसारी, ३ फेब्रुवारी

म्बाक तुमिनी,

तू फोनवर माझा नंबर बंद केलास, म्हणून कागद घेतला. हे पत्र मिनिबसवाल्या गिमिनकाकांकडे देते आहे. ते रोज तुझे सोयाबीनचे तेंपे बाजारात आणतात, तर जाताना माझा एक कागद त्यांना जड होणार नाही. फाडलंस तरी चालेल, पण वाचून फाड. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. तू तिसरीपर्यंतच शिकलीस म्हणून नव्हे, तुझ्या दुकानात उजेड कमी असतो म्हणून. हे वाक्य खोडावंसं वाटतं आहे, पण खाडाखोड केली की तुला वाटेल मी काहीतरी लपवते आहे.

आईचा उजवा डोळा कसा आहे? काचबिंदूनं डावा पुरता गेला, हे मला गिमिनकाकांनी सांगितलं. सख्ख्या थोरल्या बहिणीनं नाही.

माझ्याकडे एक मोठं काम आलं आहे. शहराच्या डिजिटल सेवांचे प्रमुख बापाक अर्गो प्रामुदिता यांची तीन वर्षं या महिन्यात संपतात. त्यांना आणखी तीन वर्षं द्यायची की नाही, यासाठी आमच्या तपासणी कार्यालयानं शंभरपैकी गुण द्यायचे आहेत. काम खरं तर बू हेंद्रार्तींचं, माझ्या साहेबबाईंचं. पण त्यांचे गुडघे दुखतात आणि बापाक अर्गोंचं कार्यालय चौथ्या मजल्यावर आहे. म्हणून त्यांनी फाईल माझ्या टेबलावर ठेवली.

"न्दुक," त्या म्हणाल्या, आपल्याकडच्या म्हाताऱ्या पोरीबाळींना म्हणतात तसं त्या मला न्दुकच म्हणतात, "ब्याण्णव लिही."

"आधी तपासते की, बू."

"तपास ना. नीट तपास, आणि ब्याण्णव लिही."

या माणसाबद्दल तुला काय सांगू? आम्हा सगळ्यांना सोमवारी खाकी, बुधवारी पांढरा, गुरुवारी बाटिक असा गणवेश. हे आठवडाभर काळा सदरा आणि पांढरे खेळाचे बूट घालतात. आम्ही धुळीतून येतो, ते बहुधा ढगांतून येतात, कारण बुटांना कधी डाग नसतो. सकाळी सगळ्यांना गोल उभं करून सभा घेतात. उभ्यानं घेतलेली सभा लवकर संपते, असं ते परदेशात शिकले. ती दीड तास चालते. बू हेंद्रार्तींचे गुडघे तिथेच गेले. गेल्या वर्षी त्यांनी 'कागदमुक्त कर्तोसारी' सुरू केलं. त्याचा फलक बारा मीटर लांब होता, आणि त्या समारंभाच्या हजेरीपटावर आम्ही तीन प्रतींत शाईनं सह्या केल्या. सही केल्याशिवाय खाऊचा डबा मिळत नव्हता.

तर अशा माणसाचा निकाल मी लिहायचा. आपल्या घरातून शाळेत गेलेली पहिली मी. बापा असता तर त्यानं आळीभर तेंपे वाटले असते.

नोव्हेंबरात आईला डोळ्याच्या दवाखान्याचा नंबर मिळेना, तेव्हा तू मला फोन केलास. मी म्हणाले, खिडकीवर जाऊन रीतसर तक्रार कर. तू म्हणालीस, तू आत बसतेस, एक शब्द टाक. मी टाकला नाही. तपासणी खात्यातल्या माणसानंच रांग मोडली तर बाकीच्यांनी काय करायचं? मी अजून कच्च्या नोकरीवर आहे, जूनमध्ये पक्की होणार, हेही कारण होतं, पण ते दुसरं. पहिलं कारण तत्त्वाचं होतं. त्यात इतकं रागावण्यासारखं काय, ते मला खरंच कळलेलं नाही.

तुझी
रुमियाती


कर्तोसारी, ११ फेब्रुवारी

म्बाक तुमिनी,

उत्तर आलं नाही. गिमिनकाकांना विचारलं, "वाचलं का तिनं?"

"वाचलं बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"तेंपे बांधायला घेतलं नाही अजून. म्हणजे जपलंच म्हणायचं."

एवढ्यावर मी दुसरं पत्र लिहिते आहे.

आठवडाभर सिगाप अ‍ॅपचे आकडे तपासले. सिगाप म्हणजे बापाक अर्गोंचा मुकुटमणी. दाखले, कर, दवाखान्याचा नंबर, सगळं एका अ‍ॅपात. त्यांच्या अहवालात लिहिलं आहे: एक्केचाळीस हजार एकशे सत्त्याऐंशी लोकांनी ते घेतलं आणि पाचपैकी चार पूर्णांक नऊ तारे दिले. महापौर बापाक वासितो हा आकडा लग्नाच्या भाषणातसुद्धा सांगतात.

शहराचे कर्मचारी दोन हजार साठ. गेल्या वर्षी प्रत्येकाला हुकूम होता: वीस नातेवाइकांच्या फोनवर सिगाप घाला, पाच तारे द्या, दोन ओळी कौतुक लिहा, आणि त्याचा फोटो विभागाच्या गटात टाका. दोन हजार साठ गुणिले वीस किती होतात, हे तू तेंपे मोजता मोजता सांगशील. एक्केचाळीस हजार दोनशे. म्हणजे अख्ख्या शहरातून स्वतःहून कुणी आलंच नाही, उलट आमच्याच तेरा नातेवाइकांनी दगा दिला!

मी ती कौतुकं वाचत बसले. "फार सुंदर. महापौरांचे आभार." "फार उपयोगी. महापौरांचे आभार." एकानं लिहिलं होतं, "अजून उघडून पाहिलं नाही पण सुंदर आहे." हा एकच माणूस मला प्रामाणिक वाटला. हे सगळं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरव्या रेघेनं चढताना दिसतं, आणि बापाक अर्गो पाहुण्यांना तिच्यापुढे उभं करून फोटो काढतात. बागेत फुलं लावायची नाहीत, भिंतीवर बाग रंगवायची, आणि वर तिला पाणी घालायचं. तसलं हे काम.

म्बाक, आता जे लिहायचं आहे ते गेल्या पत्रातच लिहायला हवं होतं. तू का रागावलीस ते मला ठाऊक आहे.

डिसेंबरात बापा गेल्याच्या हजाराव्या दिवसाच्या विधीला मी घरी आले. तू मागच्या दारी भाताचे पुडे बांधत होतीस. मी म्हणाले, "फोन दे, बापाचे जुने फोटो घेते." तू भाताच्या हातानं दिलास. फोटो मी घेतलेच नाहीत. तू सिगापला एक तारा दिला होतास आणि लिहिलं होतंस, "आईचं नाव होतं. आता म्हणतात असं कुणी माणूसच नाही. माझी आई समोर बसली आहे, येऊन बघा." आमच्या विभागाच्या सभेत ते पडद्यावर लावलं होतं. कुणीतरी म्हणालं, हा फोन रुमियातीच्या वीसांतला आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बापाक अर्गो हसून म्हणाले, "रूमी, घरातला प्रश्न घरात मिटवू या."

मी तो मिटवला. तुझ्याच फोनवरून पाच तारे दिले आणि लिहिलं, "फार उपयोगी." फोन तुझ्याजवळ, होता तिथे ठेवला आणि जेवायला बसले.

आईसाठी एक शब्द टाकायला माझं तत्त्व आडवं आलं. बापाक अर्गोंसाठी चार तारे वाढवताना ते कुठे होतं, हे मी स्वतःला विचारते आहे. उत्तर सापडत नाही असं नाही. सापडतं, म्हणूनच झोप येत नाही.

रुमियाती


कर्तोसारी, २० फेब्रुवारी

म्बाक तुमिनी,

आज बापाक अर्गोंची मुलाखत घेतली. चौथ्या मजल्यावर त्यांनी मला बसायला एक मोठा फुगा दिला. खुर्ची नव्हे, फुगा. पाठीला बरा असतो म्हणे. गणवेशाच्या घट्ट स्कर्टमध्ये फुग्यावर बसून तपासणी करणं किती अवघड, ते तुला कळणार नाही. मी एक हात टेबलाला धरून सगळे प्रश्न विचारले.

"तुझं पूर्ण नाव काय, रूमी? इथे लिहून घेतो."

"रुमियाती."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच."

"अरे वा! सुटसुटीत," ते म्हणाले, जणू मी कमी साखरेचा चहा मागितला होता. हा माणूस तीन वर्षं जावात राहतो, म्बाक. अर्ध्या शहराचं नाव एकाच शब्दाचं. खुद्द महापौरांचं नाव एका शब्दाचं. यांनी बाहेरून तयार आणलेल्या अर्जात मात्र दोन रकाने, आणि दुसरा भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

मी विचारलं, "तीन वर्षांतलं सगळ्यात मोठं काम कोणतं?"

"सफाई," ते एका क्षणात म्हणाले. "ऑक्टोबरात तीन हजार एकशे बारा बनावट नोंदी काढल्या. एका दुपारी! एकाही माणसाला हात लावावा लागला नाही."

"बनावट हे कसं ओळखलं?"

"सोपं आहे गं. नाव आणि आडनाव अगदी सारखं. वर जन्मतारीख एकतीस डिसेंबर. एक-दोघं असती तर योगायोग म्हटलं असतं. तीन हजार लोक एकाच दिवशी जन्मतात का? कुठला बाप पोराचं नाव दोनदा ठेवतो? यंत्रानं तयार केलेली खोटी माणसं ती. मी एक नियम लिहिला, संपलं."

"त्यांतल्या कुणाला जाऊन भेटलात का?"

"खोट्या माणसांना कसं भेटणार?" आणि ते मनापासून हसले. ते वाईट माणूस नाहीत, म्बाक. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरंच वाटतं की पडद्यावर नाही ते जगात नाही.

एकतीस डिसेंबर कसा येतो ते तुला मी सांगायला नको. आईला कधी जन्मलीस विचारलं की ती म्हणते, डोंगराची राख पडली त्या वर्षी, भाताची कापणी चालली होती. गावच्या कारकुनाच्या वहीत राखेला जागा नव्हती. त्यानं आईला आणि आईसारख्या सगळ्यांना एकतीस डिसेंबर देऊन टाकला.

त्यांच्याच अहवालाला ती यादी जोडली होती. मी टेबलाखाली पायातली चप्पल काढून बसले आणि एक एक ओळ वाचली. मशिदीत झाडणारा वागिमान. नदीकाठची न्हाणवणारी सुईण साकिनेम. आपल्याला केळीची पानं देणारा म्हातारा तुकिरान, तू त्याला बहिरा मामा म्हणायचीस तो. प्रत्येक नाव दोनदा, प्रत्येकापुढे एकच शब्द: बनावट. सत्तावन्नाव्या पानावर आपली आई: पोनिराह पोनिराह, ३१ डिसेंबर १९५२. बनावट.

ही सफाई त्यांनी नोव्हेंबरात नगरभवनात व्यासपीठावरून सांगितली होती. "तीन हजार आईबापांना दुसरं नावच सुचलं नाही!" असं म्हणाले, आणि सगळं सभागृह हसलं. महापौर बापाक वासितो डोळे पुसेपर्यंत हसले. त्यांच्या आईचं नाव सोगिनेम, पुढे काही नाही, आणि तिचाही जन्म कुठल्यातरी पुरात झाला असणार. पण साहेब हसले की हसायचं, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही.

मीही हसले. नुसतंच, न समजता, सगळे हसले म्हणून.

रुमियाती


कर्तोसारी, २ मार्च

म्बाक तुमिनी,

तुझी चिठ्ठी मिळाली. तेंप्याच्या पुड्याच्या दोऱ्यात बांधून पाठवलीस, म्हणून गिमिनकाकांनी ती मला न देता आधी तेंपे तळायला लावले. दोनच ओळी आहेत, पण मी त्या पाठ केल्या: "तुझ्या अर्गोचं पुराण पुरे झालं. शाळेत घातली ती दुसऱ्याचे दोष सांगायला का? तू काय केलंस ते लिही."

फोनचं मी लिहिलं होतं. तरी तू विचारतेस. म्हणजे अजून काही आहे, हे तुला माझ्या अक्षरावरून कळत असावं.

गेल्या पत्रात लिहिलं की मी न समजता हसले. ते खोटं. हसत असतानाच मला समजलं होतं. सभागृहात मी एकटीच अशी होते, जिला ती नावं दोनदा का होती हे माहीत होतं. कारण ती दोनदा लिहायला मीच सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी सिगापची नोंदणी सुरू झाली तेव्हा मी कंत्राटावर होते. सेंदांगच्या चावडीत माझं टेबल होतं. म्हाताऱ्या बायका प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन पहाटेपासून बसायच्या. अर्ज दुसऱ्या नावाशी अडायचा. पहिल्या दिवशी नव्वद जणींना मी परत पाठवलं. बापाक अर्गोंच्या कार्यालयाला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं: "काहीही भरा आणि पुढे जा."

काहीही भरणं मला जमेना, म्बाक. कुणी गावाचं नाव टाका म्हणालं, कुणी नवऱ्याचं. मला ते लबाडी वाटलं. कुणाला जे नाव नाही ते मी कोण लावणार? म्हणून मी आहे तेच नाव परत लिहिलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि मला केवढं समाधान वाटलं होतं! मी एक पान लिहून काढलं, 'एकच नाव असणाऱ्यांची नोंद कशी करावी'. खाली माझं नाव. ते सगळ्या चावड्यांना गेलं. त्याबद्दल मला प्रशंसापत्र मिळालं, आणि त्या प्रशंसापत्रावर मला हा खाकी गणवेश मिळाला. आईची नोंद मी माझ्या हातानं केली होती. आई म्हणाली होती, "दोनदा लिहितेस? म्हणजे माझी दोनदा आठवण काढतील का गं?"

तू मला नोव्हेंबरात फोन केलास तेव्हा मी कारण ओळखलं होतं. खिडकीवर जा म्हणाले, कारण मी आत शब्द टाकला असता तर तपास झाला असता आणि माझं पान निघालं असतं. तत्त्व वगैरे काही नव्हतं. भीती होती. आणि डावा डोळा जानेवारीपर्यंत शाबूत होता.

आता अहवालाचं. मी बेचाळीस गुण लिहिले. तीन हजार एकशे बारा जणांना परत आणावं, असं लिहिलं. ही नावं दोनदा का झाली, हे सांगायला माझं ते पान मागे जोडलं, माझ्या नावासकट. बू हेंद्रार्तींनी चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून ते वाचलं.

"हे शेवटचं पान काढ."

"का, बू?"

"ते तुझं आहे म्हणून, वेडे. बाकीचं ठेवू. बेचाळीसचे एकाहत्तर करू. 'चांगले' होईल. 'चांगले'नं आजवर कुणाचं काही बिघडलं नाही."

"ते पान काढलं तर बापाक अर्गो विचारतील, नावं दोनदा कुणी लिहिली? लोकांनीच खोटी लिहिली, असं होईल. पुन्हा बनावटच ठरतील."

"आणि ठेवलं तर तू जूनमध्ये पक्की होणार नाहीस. कळतंय का तुला?"

"कळतंय."

त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाल्या, "माझी आई पण एकतीस डिसेंबरचीच."

"मग तुम्ही सही कराल?"

"मला पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचंय गं, न्दुक. आईच्या नावाचं मी माझ्या ओळखीनं करून घेतलं कधीच." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सही तुझी एकटीची जाऊ दे. टपाल मी अडवणार नाही."

मला त्यांचा संताप यायला हवा होता. बापाक अर्गोंना काहीच दिसत नाही, यांना सगळं दिसतं. पण त्यांचा राग आला की मला आपल्या मागच्या दारातला तुझा फोन आठवतो, आणि मग रागाला उभं राहायला जागा उरत नाही.

सोमवारी अहवाल जाईल. पान ठेवलं आहे. गणवेश इस्त्री करून खुंटीला लावला, आणि त्याच्याकडे बघत हे लिहिते आहे. हा गणवेश गेला तर आपल्या घरात फक्त तेंपे राहतील, आणि तू म्हणशील, मग काय झालं, आधीही तेच होते. तू तसं म्हणावंस असं मला फार वाटतं.

रुमियाती


सेंदांग, १९ मार्च

म्बाक तुमिनी,

पत्रावरचं गाव बघून दचकू नकोस.

अहवाल महापौरांपुढे गेला. बापाक वासितोंनी मला बोलावलं नाही, बू हेंद्रार्तींना बोलावलं. त्यांनी विचारलं म्हणे, "ही पोर कुणाची?" बू म्हणाल्या, "तेंपेवाल्याची." "तरीच," असं महापौर म्हणाले. तरीच म्हणजे काय, ते बूंनाही कळलं नाही, पण खोलीतल्या सगळ्यांनी मान डोलावली.

बापाक अर्गोंना आणखी तीन वर्षं मिळाली नाहीत. आनंदून जाऊ नकोस. त्यांना प्रांताच्या राजधानीत सल्लागार केलं आहे. आता ते पस्तीस शहरांची सफाई करतील. निरोप समारंभाला आम्हाला खाऊचा डबा होता. भाषणात ते म्हणाले, मतभेद हे प्रगतीचं लक्षण आहे, आणि माझ्याकडे बघून हात हलवला. माझ्या नावाचा उल्लेख करताना अडखळले, बहुधा पुढचा शब्द शोधत होते. त्यांच्या जागी कोण येणार माहीत नाही. भिंतीवरचा पडदा चालूच आहे, हिरवी रेघ आपोआप चढते आहे.

मी पक्की झाले नाही. माझी कच्ची मुदत आणखी एक वर्ष वाढवली, आणि मला सेंदांगच्या चावडीत, खिडकीवर पाठवलं. शिक्षा म्हणून पाठवलं आहे, हे पत्रात लिहिलेलं नाही. 'ग्रामीण अनुभवासाठी' असं लिहिलं आहे. बरोबर एक ओळ जोडलेली आहे, ती बू हेंद्रार्तींनी टाकली असावी, कारण तिच्यात त्यांच्यासारखाच अंग चोरून उभं राहायचा गुण आहे: "काढलेल्या नोंदी आवश्यकतेनुसार हातानं तपासाव्यात." मला 'आवश्यकतेनुसार' एवढाच शब्द हवा होता. तीन हजार एकशे बाराही आवश्यक आहेत, असं मी ठरवलं.

सोमवारपासून बसले आहे. दुसऱ्या नावाचा रकाना अजून तसाच आहे, भरल्याशिवाय पुढे जात नाही. आता नाव दोनदा लिहीत नाही. प्रत्येकाला विचारते, तुमच्या मनानं काय लिहू? वागिमान म्हणाला, "मशीद लिही." साकिनेम अर्धा तास विचार करून, चिडून निघून गेली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "माझ्या हातनं जन्मली त्या पहिल्या पोरीचं नाव लिही." बहिऱ्या मामाला ऐकू गेलं नाही, तर मागची रांग ओरडली, "मामा, केळं लिहू का?" आणि तो खूश होऊन हो म्हणाला. मी लिहिलं. जन्मतारखेला मात्र काही करता येत नाही. ती एकतीस डिसेंबरच राहील.

दोन दिवसांत एकशे चाळीस झाले. या वेगानं दोन महिने लागतील, आणि दोन महिन्यांत आणखी कुणाचं काहीतरी जाईल. ते माझ्या हातात नाही, असं लिहिणार होते. आहे. म्हणून दुपारचं जेवण टेबलावरच करते.

डोळ्यांचे डॉक्टर कर्तोसारीला गुरुवारी येतात. त्या दिवसाचा नंबर हवा तर नोंद बुधवारीच व्हायला हवी. आपल्या आळीची पाळी यादीत पुढच्या महिन्यात येते. मी यादी हातात घेऊन बसले, मग आईचं नाव काढून बुधवारी सर्वांत वर लिहिलं. मी रांग मोडली आहे, म्बाक. उघड मोडली आहे. नोंदवहीत 'क्रम का बदलला' असा रकाना असतो, तो कुणी कधी भरत नाही. मी भरला. 'कर्मचाऱ्याची आई' असं लिहून खाली सही केली. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

बुधवारी सकाळी आठला आईला घेऊन ये. माझ्याशी बोलायची गरज नाही. तिचं ओळखपत्र खिडकीतून आत सरकव, तेवढं पुरे. आणि दुसरं नाव काय लिहायचं ते तिला वाटेत विचारून ठेव. मला तिला विचारायचा धीर होत नाही.

रुमियाती